थांबायला जागा हवी

झाशीच्या लष्करी छावणीतले कवायतीचे मैदान. तारीख 11 मे 1930. बुंदेलखंडातला मे महिना म्हणजे काय चीज असते हे ज्यांनी उन्हाळ्यात त्या बाजूने रेल्वेचा प्रवास केला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. अशा त्या भट्टीत एक गर्द हिरव्या रंगाचे, एकावर एक दोन पंख असलेले चिमुकले विमान घरघरत खाली आले, मैदानावर टेकले आणि थांबेचना. शिपाई वाट फुटेल तिकडे पळाले. विमान तसेच बरॅकींच्या दिशेने धावत गेले, पंखाला मार बसला आणि इमारतींच्या मधे जाऊन ते एकदाचे अडकले. मागच्या बैठकीतून जी व्यक्ती खाली उतरली ती उन्हाने भाजून निघालेली, खाकी अर्धी विजार घातलेली एक मुलगी होती. वय 26. नाव एमी जॉन्सन.

लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून ती 5 मे रोजी एकटीच निघाली होती. जायचे होते ऑस्ट्रेलियाला. आपल्याकडे ही तारीख वेगळ्या कारणाने लक्षात आहे. त्याच तारखेला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, दांडीजवळच्या कराडी गावात गांधीजींना अटक झाली आणि त्यांना पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात आणले गेले. पुढच्याच आठवड्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. देश असा पेटलेला असताना एका इंग्रज मुलीच्या विमानाकडे बघायला कोणाला सवड होती, असे वाटेल. पण आकाशाचे वेड आपल्याकडेही होतेच. आगाखानांनी लावलेल्या बक्षिसासाठी जे. आर. डी. टाटा आणि अ‍ॅस्पी इंजिनीयर हे दोघे त्याच मे महिन्यात, एक कराचीहून आणि दुसरा इंग्लंडहून, एकमेकांच्या उलट दिशेने उडत होते, आणि त्यांची विमानेही एमीच्या विमानाच्याच जातीची, जिप्सी मॉथ होती.

एमीचा जन्म 1 जुलै 1903 चा, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल या बंदराच्या गावचा. वडील मासळीचे मोठे व्यापारी. चार बहिणींत ही थोरली. मुलांबरोबर क्रिकेट खेळताना चेंडू तोंडावर बसून पुढचा दात गेला, आणि त्यानंतर ती जरा माणूसघाणी, स्वतःच्या दिसण्याबद्दल हळवी झाली, असे तिचे चरित्रकार सांगतात. शेफील्ड विद्यापीठातून अर्थशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली. मुलीने पदवी घेणे हीच त्या काळी बातमी, पण पदवीचा उपयोग काय तर कचेरीत टंकलेखन. एका स्विस व्यापाऱ्यावर तिचे काही वर्षे प्रेम होते. 1928 साली त्याने दुसरीशीच लग्न केले. तेव्हा एमी लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत नोकरी करीत होती.

विमान तिने त्याआधी एकदा अनुभवले होते. हल गावात आलेल्या एका विमानात पाच शिलिंग देऊन ती आणि तिची एक बहीण बसल्या होत्या. जत्रेतल्या पाळण्यासारखा तो प्रकार, तिला त्यात विशेष काही वाटले नाही. पण मन मोडलेले असताना माणूस काय करील सांगता येत नाही. 1928 च्या सप्टेंबरात तिने स्टॅग लेन इथल्या लंडन एरोप्लेन क्लबात नाव घातले. पहिल्या धड्याला शिरस्त्राण मापापेक्षा मोठे मिळाले, त्यामुळे शिक्षकाचे बोलणे धड कानावर येईना. तिला हे जमायचे नाही असाच पहिल्या शिक्षकाचा ग्रह झाला. सर्वसाधारण शिकाऊ माणूस आठ-दहा तासांच्या शिकवणीनंतर एकटा उडे. एमीला जवळजवळ सोळा तास लागले. अडायचे ते उतरताना.

तिथे एक गोष्ट मात्र वेगळी घडली. क्लबाचे मुख्य यंत्रज्ञ जॅक हम्फ्रीज यांच्या हाताखाली ती इंजिनाचे काम शिकू लागली. सकाळी कचेरीआधी आणि संध्याकाळी कचेरीनंतर, हात काळे करून. क्लबात हौशी श्रीमंत मंडळींचा भरणा. त्यांना विमानाचे यंत्र कसे चालते याच्याशी कर्तव्य नव्हते, आणि हँगरमधल्या पुरुषांना तिथे बाई नको होती. 1929 च्या जुलैत तिला वैमानिकाचा परवाना मिळाला आणि वर्षअखेर विमानाच्या यंत्रज्ञाचा. हा दुसरा परवाना मिळवणारी ब्रिटनमधली ती पहिली स्त्री. त्याच वर्षी तिच्या घरावर घाला पडला. तिची बहीण आयरीन, तिने आत्महत्या केली.

ऑस्ट्रेलियाला एकटीने जायचे, हे एमीच्या डोक्यात त्यानंतर पक्के बसले. अनुभव किती? एकूण उड्डाण शंभर तासांच्या आतबाहेर, आणि सर्वात लांबचा पल्ला लंडनहून माहेरी हलपर्यंतचा, म्हणजे दीडशे मैलांचाही नाही. ऑस्ट्रेलिया 11,000 मैल. विमानासाठी पैसे मागत ती दारोदार फिरली. शेवटी तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांनी निम्मे दिले आणि निम्मे वडिलांनी. 600 पौंडांना एक वापरलेले जिप्सी मॉथ विकत घेतले. वडिलांच्या मासळीच्या पेढीचा छाप होता जेसन, तेच नाव विमानाला दिले. ग्रीक वीराचे नाव आणि खारवलेल्या मासळीचा शिक्का, दोन्ही एकाच शब्दात! क्रॉयडनला निरोप द्यायला वडील आणि चार ओळखीची माणसे, एवढेच होते.

सहाव्या दिवशी ती कराचीला पोचली आणि जग खडबडून जागे झाले. दोन वर्षांपूर्वी बर्ट हिंकलर या नामांकित वैमानिकाने हाच मार्ग एकट्याने पार केला होता. कराचीपर्यंत ही टायपिस्ट मुलगी त्याच्यापेक्षा दोन दिवस पुढे होती. वाटेत काय झाले नव्हते? टॉरस पर्वताच्या खिंडीत ढगांनी गाठले. बगदादच्या अलीकडे वाळूच्या वादळाने विमान वाळवंटात उतरवायला लावले. इंजिनावर कापड घालून, हातात पिस्तूल धरून ती विमानाला टेकून बसून राहिली. बगदादला आणि पुन्हा बंदर अब्बासला उतरताना चाकांच्या सांगाड्याला इजा झाली. ही दुरुस्ती ती स्वतः जातीने करून घेई. दिवसभर उडायचे, रात्री इंजिन साफ करायचे, दोन-तीन तास झोप, आणि पहाटे पुन्हा हवेत.

आता झाशीकडे परत येऊ. कराचीहून निघाली ती अलाहाबादला म्हणून. समोरून वारा, पेट्रोल संपत आलेले. म्हणून मैदान दिसले तिथे उतरली.

विमान उडवण्यापेक्षा उतरवणे कठीण, असे सगळेच वैमानिक सांगतात, आणि जिप्सी मॉथच्या बाबतीत हे का खरे होते ते थोडे समजून घेतले पाहिजे. त्या विमानाला ब्रेक नव्हते. शेपटाखाली चाक नव्हते, एक टेकू होता; तो जमीन उकरत घासत जाई आणि त्याच्या घर्षणाने विमान थांबे. गवताळ, भुसभुशीत मैदानात हे ठीक. कवायतीने चोपून कठीण झालेल्या झाशीच्या मैदानात तो टेकू काय उकरणार? ब्रेक नसलेली सायकल घेऊन उताराने येणाऱ्या पोराला चपला घासून जेवढे थांबता येते, तेवढाच हा प्रकार. शिवाय नाक वर करून उतरावे लागे, त्यामुळे समोरचे दिसत नसे. वैमानिक मागच्या बैठकीत, पुढच्या बैठकीच्या जागी पेट्रोलची जादा टाकी. मान बाहेर काढून कडेने बघायचे आणि अंदाज बांधायचा.

वाऱ्याचा हिशेब तर फारच निष्ठुर. समजा विमान ताशी 40 मैलांच्या वेगाने टेकते. समोरून 10 मैलांचा वारा असेल तर जमिनीवरचा त्याचा वेग 30 मैल. तोच वारा पाठीमागून असेल तर 50. फरक 20 मैलांचाच, पण थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: 30 चा वर्ग 900, 50 चा 2500. म्हणजे तिप्पटीच्या जवळ जागा लागते. त्यात कडक उन्हात हवा विरळ होते, आणि काट्यावर वेग नेहमीचाच दिसत असला तरी जमिनीवर विमान जास्त वेगाने आलेले असते. वर जरा उंचावरून किंवा जरा वेगात आले तर जमिनीलगतच्या हवेवर ते तरंगत राहते, टेकायला तयार होत नाही, आणि खालचे मैदान मात्र मागे पळत असते. विमानतळावर वाऱ्याची दिशा दाखवायला कापडी पिशवी असते. परक्या मुलखात, सात-आठ तास इंजिनाच्या आवाजाने बधिर झालेल्या डोक्याने, धूर कुठल्या बाजूला वळतो आहे हे बघून तेवढ्यावर निर्णय घ्यायचा. रेडिओ नाही, खालून सांगणारे कोणी नाही.

एमीला विमान उतरवता येत नसे, असे पुढे पुष्कळ लोकांनी लिहिले. ते सर्वस्वी खोटे नाही. पण त्या लोकांनी झाशीच्या मैदानात मे महिन्यात ब्रेक नसलेले विमान उतरवलेले नव्हते, हेही खरे.

पंखाची डागडुजी झाली, दुसऱ्या दिवशी ती अलाहाबादवरून कलकत्त्याला पोचली आणि 13 मे रोजी रंगूनसाठी निघाली. त्या वेळी ब्रह्मदेश हिंदुस्थानच्याच कारभारात होता. आराकानच्या डोंगरांवर ढग, पावसाला सुरुवात झालेली. रंगूनला रेसकोर्सवर उतरायचे ठरले होते. पावसाच्या धुरकटीत तिला रेसकोर्स सापडेना. रेल्वेच्या रुळांवरून घिरट्या घालता घालता एक मोकळे मैदान दिसले. तेच असेल असे धरून ती उतरली. ते रेसकोर्स नव्हते. इन्सीन गावच्या सरकारी तंत्रशाळेचे खेळाचे मैदान होते. रेसकोर्सच्या मानाने ते एवढेसे. मैदान संपले तरी विमान धावतच होते, आणि पलीकडे चर होता. विमान चरात गेले. पंखा मोडला, पंख फाटला, चाकांचा सांगाडा वाकला.

हिंकलरला गाठण्याची आशा त्या चरात संपली. तिला रडू आवरेना. आठ दिवस विक्रमाच्या पुढे राहून तो एका चुकलेल्या मैदानापायी जावा, याचे दुःख ज्याने एवढी धडपड केली त्यालाच कळेल. पण ती तंत्रशाळा निघाली, हे तिचे नशीब. लाकूडकाम, लोहारकाम शिकवणारे शिक्षक आणि शिकणारी ब्रह्मी मुले तिथे होती. त्यांनी तीन दिवसांत विमान उभे केले. जादा पंखा तिने विमानाला बांधूनच आणला होता. पंखाला लावायचे खास कापड मात्र संपले होते. महायुद्धानंतर विमानाच्या उरल्यासुरल्या कापडाचे सदरे कोणी शिवून घेतले होते, ते आठवले. सदरे उसवून त्यांचे कापड पंखाला लावले. कापड ताठ करणारे डोप नावाचे रोगण गावातल्या औषधवाल्याने अंदाजाने घोटून दिले. इंजिनाच्या परवान्यासाठी स्टॅग लेनला काळे केलेले हात इथे उपयोगी पडले, कारण काय मोडले आहे आणि काय चालवून घेता येईल हे सांगणारी त्या मैदानावर ती एकटीच होती. मला तरी तिच्या सगळ्या प्रवासातले हे तीन दिवस सर्वात मोलाचे वाटतात. विक्रम करणारे पुष्कळ झाले. विक्रम गेल्याचे कळल्यावर, आता घाई कशाची असे न म्हणता, सदऱ्यांचे कापड लावून चौथ्या दिवशी बँकॉकच्या वाटेला लागणारे थोडे.

पुढचा प्रवास याच धर्तीचा. जाव्हात एका साखर कारखान्याच्या आवारात उतरताना बांबूचे खुंट पंखात घुसले, तिने भोकांवर चिकटपट्ट्या लावल्या. तिमोरमध्ये एका खेड्याजवळच्या शेतात उतरावे लागले आणि एक दिवसभर जगाला तिचा पत्ताच नव्हता. मग 500 मैलांचा समुद्र. 24 मे 1930 रोजी दुपारी ती डार्विनला उतरली. साडेएकोणीस दिवस. हिंकलरला साडेपंधरा लागले होते. पण एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला जाणारी ती पहिली स्त्री होती आणि लोकांना तेवढे पुरे होते. तारांचा पाऊस पडला. राजाने सी.बी.ई. किताब जाहीर केला, एका लंडनच्या दैनिकाने 10,000 पौंड देऊ केले, तिच्यावर गाणी निघाली.

आणि मग ब्रिस्बेन. 29 मे. डार्विनहून मुक्काम करीत करीत, प्रत्येक गावी सत्कार घेत ती तिथे पोचली. झोप तशीच थकलेली. ईगल फार्म विमानतळावर हजारो माणसे जमलेली, मानकरी मंडळी ओळीने उभी. विमान जरा उंचावरून आले, टेकायला उशीर झाला, मैदान ओलांडून कुंपणाला धडकले आणि पलीकडच्या पिकात उलटे पडले. गर्दीत हाहाकार उडाला. लोक धावले तेव्हा ती पट्ट्यांना लटकलेली होती. जवळजवळ काहीही न लागता बाहेर आली आणि सत्काराला उभी राहिली. झाशीला शिपाई होते, इन्सीनला विद्यार्थी. इथे मात्र सारे जग बघत होते. पुढचा ऑस्ट्रेलियाचा दौरा तिने दुसऱ्यांच्या विमानातून, प्रवासी म्हणून केला. स्वतःच्या विमानाने अर्धे जग पार केलेल्या मुलीला हे काय वाटले असेल? इंग्लंडला परतल्यावर क्रॉयडनपासून लंडनपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा माणसांचा समुद्र उभा होता. त्यानंतर ठरलेला जाहीर सत्कारांचा दौरा तिला झेपला नाही, मन आणि शरीर दोन्ही थकले आणि तो अर्ध्यावर सोडावा लागला.

1932 साली तिने जिम मॉलिसन या वैमानिकाशी लग्न केले. तोही विक्रमवीर, देखणा आणि पक्का मद्यपी. वर्तमानपत्रांना ही जोडी फार आवडली. 1933 च्या जुलैत दोघे वेल्सच्या किनाऱ्यावरून न्यूयॉर्कला निघाले. दीड दिवसाहून अधिक काळ हवेत राहून, पेट्रोल संपत आलेले, कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला रात्री उतरायचे ठरले. या वेळी सुकाणू जिमच्या हातात होते. विमान धावपट्टी ओलांडून दलदलीत जाऊन उलटले, दोघेही जखमी होऊन इस्पितळात गेले. आठवणीची वस्तू म्हणून लोकांनी विमानाचे तुकडे तोडून नेले. गंमत अशी, की जिमला विमान उतरवता येत नाही असे कोणी लिहिले नाही.

1934 च्या लंडन ते मेलबर्न शर्यतीत दोघे कराचीपर्यंत सर्वांत वेगाने आले. पुढे वाट चुकून जबलपूरला उतरले. तिथे विमानाच्या लायकीचे पेट्रोल नव्हते, मिळाले ते मोटारींचे भरले, आणि इंजिनांनी अलाहाबादला मान टाकली. झाशी, अलाहाबाद, जबलपूर: आपल्या मध्य भारताने या बाईची बरीच परीक्षा घेतली. संसारही असाच अडखळत चालला आणि 1938 साली संपला. मधल्या काळात केपटाउनच्या वाटेवर एकटीने केलेले दोन विक्रम, 1932 आणि 1936 चे, तिच्या नावावर आहेत. ते करून दाखवणारीला उतरता येत नव्हते असे कसे म्हणावे?

दुसरे महायुद्ध आले तेव्हा तिला लढाऊ दलात जागा नव्हती. कारखान्यातून नवी विमाने हवाई दलाच्या तळांवर पोचवणाऱ्या संघटनेत ती 1940 साली दाखल झाली. रोज वेगळे विमान, रेडिओ नाही, वर ढग आणि खाली स्वदेशाच्या तोफा. काम बिननावाचे. गाजावाजा नव्हता, हार नव्हते, उतरताना बघायला कोणी जमलेले नसे. या दिवसांत तिच्या हातून विमाने नेमस्तपणे, ठरल्या जागी, एकामागून एक उतरत होती.

5 जानेवारी 1941 रोजी ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टन तळाकडे ती एक दोन इंजिनांचे विमान घेऊन निघाली. अंतर तासाभराचे. हवा खराब, ढग खालपर्यंत. चार तासांहून जास्त वेळानंतर ती शंभर मैलांवर, टेम्स नदीच्या मुखाशी समुद्रावर होती. पेट्रोल संपले असावे, आणि ढगांखाली जमीन आहे की पाणी हे कळायला मार्ग नव्हता. तिने हवाई छत्रीने उडी घेतली. हॅसलमियर नावाच्या लहान युद्धनौकेने ते पाहिले. बर्फ पडत होते, समुद्र खवळलेला होता. नौकेचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी पाण्यात उडी मारली. एमी हाती लागली नाही. गारठून फ्लेचरही त्यातच गेले. पाण्यातून तिची पिशवी आणि उड्डाणांची नोंदवही मिळाली. मृतदेह मिळाला नाही. आपल्याच तोफांनी ते विमान पाडले, असेही दावे पुढे झाले. सिद्ध काही झाले नाही. ती 37 वर्षांची होती.

थडगे नसल्यामुळे रनिमीडच्या हवाई दल स्मारकावर, जागा न सापडलेल्या हजारो नावांत तिचे नाव कोरले आहे. जेसन मात्र दुरुस्त होऊन लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे, छताला टांगलेले. खाली उभे राहून पाहिले की त्याची दोन बारीक चाके दिसतात, शेपटाखालचा तो टेकू दिसतो.